सत्तरीपुढचा पोटाचा कॅन्सर: ‘ऑपरेशन झेपेल का?’ हे ठरतं कसं

मोठ्या आतड्याचा, जठराचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला आणि पेशंटचं वय पंचाहत्तरच्या पुढे असलं, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘या वयात कशाला चिरफाड? आहेत तितके दिवस सुखाने जाऊ द्या.’ दुसरा म्हणतो, ‘पैशांचं मी बघतो, करून टाकू.’ भांडण जोरात असतं, पण दोघांच्याही हातात आकडा एकच असतो, वयाचा. ऑपरेशनचा धोका मोजणाऱ्यांच्या हिशेबात मात्र हा आकडा बराच खालच्या रांगेत बसतो.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. पचनसंस्थेच्या बहुतेक गाठींमध्ये मुळापासून बरं होण्याचा मुख्य रस्ता अजूनही ऑपरेशनचाच आहे. केमो आणि रेडिएशन बहुधा त्याच्या जोडीला येतात. तेव्हा नुसत्या वयावर बोट ठेवून नाही म्हटलं, तर धडधाकट आजोबांचा बरं होण्याचा हक्क जातो. आणि मोजमाप न करताच टेबलावर घेतलं, तर गाठ निघते पण माणूस पुन्हा उभा राहत नाही.

आपल्याकडे धोका तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे ‘फिजिशियनचा फिटनेस’. ईसीजी, छातीचा एक्स-रे, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), रक्त-लघवी, आणि शेवटी चिठ्ठीवर एक ओळ: ‘फिट, अंडर हाय रिस्क’. त्या ओळीवरून सर्जनला फारसं काही कळत नाही आणि नातेवाइकांना फक्त भीती वाटते. हाय म्हणजे किती? कशामुळे? कमी करता येईल का? भूलतज्ज्ञ त्याच कागदावर ‘एएसए’ची, म्हणजे अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संस्थेची, पायरी लिहितात, १ (निरोगी) ते ५ (मरणासन्न). (सहावी पायरी मेंदूमृत अवयवदात्यांसाठी.) ही पद्धत अमेरिकेत १९४१ साली सुरू झाली, आणि ती आखणाऱ्यांनीच तेव्हा स्पष्ट केलं होतं की ही पेशंटच्या शारीरिक स्थितीची नोंद आहे, ऑपरेशनच्या धोक्याचं भाकीत नव्हे; कारण ऑपरेशन कोणतं आहे हे तिच्यात येतच नाही. तीन नंबरची पायरी असलेल्या माणसाचा हर्निया करायचा की अन्ननलिका काढायची, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा दुसरा अर्धा भाग हिशेबात घेणारी एक गुणपद्धत मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात हात घालून बघता येतो. जपानमध्ये योशिओ हागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पचनसंस्थेच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनांसाठी ‘ई-पास’ मांडली. तिच्यात तीन आकडे आहेत. पेशंटच्या शरीराची अवस्था किती नाजूक आहे याचा पहिला. ऑपरेशन शरीराकडून किती वसूल करणार याचा दुसरा. दोन्ही मिळून तिसरा.

पहिल्या आकड्यात कशाला किती वजन दिलंय ते बघा. वयाला दर वर्षामागे ०.००३४५ गुण, म्हणजे दहा वर्षं वाढली तरी जेमतेम ०.०३५. मधुमेहाला ०.१५३. फुप्फुसाच्या गंभीर आजाराला ०.२०५, हृदयाच्या गंभीर आजाराला ०.३२३. माणसाची रोजची हालचाल ० ते ४ अशा पायऱ्यांत मोजतात. ० म्हणजे सगळं पूर्वीसारखं, ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. यातल्या प्रत्येक पायरीला ०.१४८. भागाकार करून पाहिला तर हालचालीत एक पायरी घसरणं हे वयात त्रेचाळीस वर्षं भर पडण्याइतकं जड भरतं. वयाचा काहीच परिणाम होत नाही, असा याचा अर्थ नाही. म्हातारपण शरीरात येतं तेच थकलेलं हृदय, आखडलेली फुप्फुसं आणि मंदावलेली चाल घेऊन. ते सगळं वेगळं मोजून झालं, की नुसत्या जन्मतारखेकडे सांगण्यासारखं थोडंच उरतं.

दोन काल्पनिक पेशंट घेऊ, दोघंही ५० किलोचे. एक ८२ वर्षांच्या आजी: हृदय ठीक, फुप्फुसं ठीक, साखर नाही, घरातलं सगळं स्वतः करतात, रक्तदाबाची एक गोळी चालू, एएसए २. त्यांचा पहिला आकडा येतो ०.३५. दुसरे ६८ वर्षांचे काका: मधुमेह, अर्ध्याहून अधिक दिवस उठून बसलेले असतात पण आंघोळ-कपड्यांना अधूनमधून हात लागतो, म्हणजे हालचालीची पायरी २; एएसए ३. त्यांचा आकडा ०.८१. चौदा वर्षांनी लहान, आणि गुण दुपटीहून जास्त.

आता दुसरा आकडा, ऑपरेशनचा. त्यात किती रक्त गेलं (वजनाच्या दर किलोमागे), किती तास लागले, आणि चीर कुठवर, एवढंच बघतात. दुर्बिणीतून केलं तर चिरेचा गुण शून्य. पोट किंवा छाती, कोणतीही एक उघडली तर ०.३५२. दोन्ही उघडल्या तर त्याच्या दुप्पट. दुर्बिणीतून उजव्या बाजूचं मोठं आतडं काढलं, तीन तास लागले, शंभर ग्रॅम रक्त गेलं, तर हा आकडा चक्क शून्याच्या खाली जातो: उणे ०.२०. पोट आणि छाती उघडून अन्ननलिका काढली, सात तास, पाचशे ग्रॅम रक्त: ०.७८. आता दोन्ही एकत्र. ही साधी बेरीज नाही; सूत्रात दोन्ही आकड्यांना थोडं कमी वजन देऊन वर एक ठरलेला आकडा वजा करतात. आजींचं आतडं काढलं तर एकूण उणे ०.१९, काकांचं काढलं तर ०.२४. अन्ननलिका काढली तर आजी ०.७५ वर, काका जवळजवळ १.२ वर. हा एकूण आकडा १ च्या पुढे सरकला की मृत्यूची शक्यता झपाट्याने वाढते, असं या पद्धतीचा अनुभव सांगतो.

म्हणजे ज्या काकांना अन्ननलिकेचं ऑपरेशन झेपण्याची शक्यता कमी, त्यांनाच आतड्याचं बऱ्यापैकी झेपू शकतं. ‘यांना ऑपरेशन झेपेल का?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. ‘यांना हे ऑपरेशन, या पद्धतीने, झेपेल का?’ असा तो विचारायला हवा.

ई-पासमध्ये एक अडचण उघड आहे. रक्त किती गेलं आणि तास किती लागले हे ऑपरेशन झाल्यावरच कळतं. आधी सर्जनला अंदाज बांधावा लागतो. पुढे तिची सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यात ऑपरेशनच्या प्रकारानुसार ठरलेले आकडे टाकतात. ब्रिटनमध्ये १९९१ साली आलेली ‘पॉसम’ पद्धत शरीराच्या बारा आणि ऑपरेशनच्या सहा गोष्टी मोजते. कमी धोक्याच्या पेशंटांमध्ये ती मृत्यू फुगवून सांगते असं दिसल्यावर १९९८ मध्ये पोर्ट्समथमध्ये तिची दुरुस्ती झाली. अमेरिकन सर्जनांच्या संस्थेचा कॅल्क्युलेटर इंटरनेटवर कुणालाही वापरता येतो, पण त्यामागची माहिती तिथल्या दवाखान्यांची आहे. शिवाय असे सगळे आकडे शंभर माणसांच्या गटाबद्दल बोलतात. समोरच्या एकाचं काय होणार, हे त्यातलं कुठलंच सांगत नाही.

समोरच्या एकाबद्दल जास्त कळतं ते खुर्चीवरून. हातांची खुर्ची, तिच्यापासून तीन मीटरवर फरशीवर पट्टी. पेशंटला सांगायचं: उठा, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जा, वळा, परत या, बसा. घड्याळ लावायचं. धट्टेकट्टे आजोबा दहा-बारा सेकंदांत येऊन बसतात. वीसच्या पुढे गेलं तर सर्जनने थांबून विचार करावा. सेकंदांइतकंच बघण्यासारखं बाकीचंही असतं. उठताना हातांवर किती भार दिला? वळताना एका दमात वळले, की सात-आठ छोटी पावलं टाकली? भिंतीकडे हात गेला का? बसताना बसले, की कोसळले? खर्च शून्य, वेळ एक मिनिट. तरी आपल्याकडे टूडी एको सगळ्यांचा होतो आणि ही चाचणी क्वचितच कुणाची.

हे जे मोजलं जातं त्याला डॉक्टर ‘फ्रेलटी’ म्हणतात, आपण ‘खंगलेपण’ म्हणू. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक लिंडा फ्रीड यांनी त्याची पाच लक्षणं ठरवली: वर्षभरात आपोआप घटलेलं वजन, सतत थकवा, हाताची पकड ढिली, चाल मंद, हालचाल कमी. तीन किंवा जास्त असतील तर माणूस खंगलेला, एक-दोन असतील तर उंबरठ्यावर. बाहेरून बरा दिसणारा माणूस आतून रिकामा असू शकतो; एरवी सगळं रेटून नेतो, पण ऑपरेशननंतर न्यूमोनिया झाला की त्याच्याजवळ खर्चायला काही शिल्लक नसतं.

कॅन्सरच्या वयस्क पेशंटांसाठी चाळणी म्हणून ‘जी-८’ ही आठ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. खाणं कमी झालंय का, तीन महिन्यांत वजन किती उतरलं, घराबाहेर पडतात का, स्मृती किंवा मन खालावलंय का, उंचीच्या मानाने वजन, दिवसाला तीनहून जास्त औषधं आहेत का, आपल्या वयाच्या इतरांच्या तुलनेत तब्येत कशी वाटते, आणि वय. एकूण गुण १७, त्यातले वयाला जास्तीत जास्त २. वजन घटण्याला मात्र ३. चौदा किंवा कमी गुण आले तर वृद्धांच्या सविस्तर तपासणीला पाठवायचं. इथे माझी एक तक्रार आहे. उंचीच्या मानाने वजन चांगलं असेल तर तीन गुण मिळतात, आणि आयुष्यभर शेतात राबलेला काटक म्हातारा, जो कधी पन्नास किलोच्या वर गेलाच नाही, त्याचे गुण उगाच कापले जातात. अशा वेळी वजन किती आहे यापेक्षा ते हल्ली उतरलं का, हे विचारावं. पॅन्टचा पट्टा किती भोकं आत गेला, बांगड्या कोपराकडे सरकतात का, हे घरच्यांना बरोबर ठाऊक असतं.

रक्ताच्या रिपोर्टमधली एक ओळ मी कधीच सोडणार नाही, ती अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाची. १९८४ मध्ये जपानमधल्या ओनोदेरा यांनी एक सोपं सूत्र दिलं: अल्ब्युमिनला दहाने गुणा, त्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची एकूण संख्या गुणिले ०.००५ मिळवा. अल्ब्युमिन ३.८ आणि लिम्फोसाइट १६०० असतील तर ३८ अधिक ८, म्हणजे ४६; ठीक. अल्ब्युमिन २.९ आणि लिम्फोसाइट ११०० असतील तर ३४.५. चाळीसच्या खाली असेल तर आतडं कापून जोडणं टाळावं, असं त्यांचं म्हणणं होतं. जोडावर भर का? कारण पोटाच्या कॅन्सर-ऑपरेशनमधली सर्वांत भीतीदायक गोष्ट म्हणजे जोड लीक होणं. चौथ्या-पाचव्या दिवशी, जेव्हा सगळे निर्धास्त होऊ लागतात, तेव्हा ताप येतो, पोट फुगतं, नाडी पळू लागते. तरुण माणूस त्यातून बाहेर येतो. खंगलेल्या म्हाताऱ्याला ते फार महागात पडतं.

अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणं कमी, असं सरळ गणित मात्र नाही. शरीरात कॅन्सरमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे दाह पेटलेला असला तरी ते पडतं. म्हणून चार दिवस अंडी आणि डब्यातली पावडर देऊन ते वर येत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अल्ब्युमिनची बाटली चढवून आकडा सुधारतो, माणूस नाही.

हृदय-फुप्फुसांसाठी साधा प्रश्न: न थांबता दोन जिने चढता का? आमच्याकडच्या बायकांच्या बाबतीत आणखी एक विचारायला हवं, चूल किती वर्षं फुंकली. विडी-सिगारेटला हात न लावलेल्या आजींची फुप्फुसं चुलीच्या धुराने पार गेलेली असतात, आणि ‘धूम्रपान: नाही’ एवढं लिहून फॉर्म पुढे सरकतो. मोठ्या ऑपरेशनआधी जिथे सोय आहे तिथे मास्क लावून सायकल चालवायला लावतात आणि शरीर ऑक्सिजन किती वापरू शकतं ते मोजतात. पॉल ओल्डर यांनी ऑस्ट्रेलियात १८७ वयस्कांची अशी चाचणी केली आणि निष्कर्ष १९९३ मध्ये छापले. दर किलोला मिनिटाला ११ मिलिलिटरच्या आतच ज्यांच्या स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागला, त्यांच्यात हृदय-रक्ताभिसरणाच्या कारणांनी मृत्यू १८ टक्के; त्याच्या वरच्यांत १ टक्क्याहून कमी.

मेंदूकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा अचानक बरळू लागतात, नळ्या उपसतात, मुलाला ओळखत नाहीत. घरचे म्हणतात, ‘वात झाला’. ही अवस्था वृद्धांमध्ये वारंवार दिसते, बहुधा ओसरते, पण मुक्काम लांबवते आणि काहींची स्मृती नंतर पूर्वीसारखी होत नाही. ज्यांची स्मरणशक्ती आधीच उतरणीला लागलेली असते त्यांना धोका जास्त, म्हणून ऑपरेशनआधी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, मधे घड्याळाचं चित्र काढायला लावतात, मग शब्द विचारतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींना घड्याळ काढायला सांगणं अन्यायाचं आहे. तिथे ‘हिशेब कोण बघतं, औषधं स्वतः घेतात का, नेहमीचा रस्ता चुकतात का’ हे सुनेला विचारलेलं बरं. वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी, संध्याकाळची दारू, मिश्री, कुणा वैद्याचा काढा, हे सगळं भूलतज्ज्ञांना सांगून टाकावं. लाजेखातर लपवलेली दारू तिसऱ्या दिवशी स्वतःच बाहेर येते, हातापायांच्या थरथरीतून. आणि आयसीयूत चष्मा, कानाचं यंत्र, कवळी काढून पिशवीत घालून नातेवाइकांकडे देतात ना, ती पिशवी शक्य तितक्या लवकर परत आत पाठवावी. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, तो भ्रमात जाणारच.

एवढं मोजून करायचं काय? फायदा हा की यातलं बरंच बदलता येतं. आतडं तुंबलेलं नसेल, रक्तस्राव थांबलेला असेल, तर दोन-चार आठवडे तयारीला घेतल्याने बहुतेक वेळा कॅन्सरच्या बाबतीत काही बिघडत नाही. तुंबलं, फुटलं आणि रात्री दोनला पोट उघडावं लागलं, तर तोच पेशंट, तोच सर्जन, पण धोका कितीतरी पट वाढतो. म्हणून ‘बघू पुढे’ म्हणत काही न ठरवणं हा पर्यायसुद्धा बिनधोक्याचा नाही.

उजव्या बाजूच्या आतड्याची गाठ महिनोन्‌महिने थेंब थेंब रक्त घालवते. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेलं असतं. शिरेतून लोह दिलं तर काही आठवड्यांत ते बरंच वर येतं. प्रथिनं दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. चहा-बिस्किट, अर्धी भाकरी आणि पातळ वरण यांनी हे भरत नाही, आणि साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या एकादशीने तर मुळीच नाही. उपवास ऑपरेशन होईपर्यंत सोडावेत. तंबाखू चार आठवडे आधी बंद. रोज चालणं, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं. आणि ते तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र: त्यात फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. अर्धा वॉर्ड जोर लावून फुंकत असतो आणि गोळ्या का हलत नाहीत म्हणून यंत्राला दोष देतो.

तयारीनंतर पुन्हा मोजावं. सुधारणा नसेल तर ऑपरेशन लहान करता येतं का बघावं. आतडं जोडण्याऐवजी पोटावर शौच जमा होणारी पिशवी दिली तर लीक व्हायला तो जोडच राहत नाही. अन्ननलिकेत जाळीची नळी बसवून गिळणं सुरू करता येतं. अगदी सुरुवातीची गाठ दुर्बिणीने आतूनच सोलून काढता येते. पिशवीला घरोघरी नकार असतो. तो नकार पेशंटचा की सुनेचा, हे विचारून घ्यावं.

दवाखानाही धोक्याचाच भाग आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांचा २००९ मध्ये छापून आलेला एक मोठा अभ्यास सांगतो की कमी मृत्यू आणि जास्त मृत्यू होणाऱ्या ठिकाणी गुंतागुंती जवळपास सारख्याच होत्या. फरक होता गुंतागुंत झाल्यावर पेशंट वाचवण्यात, आणि तो जवळजवळ दुपटीचा होता. तेव्हा सर्जनच्या हाताइतकंच विचारण्यासारखं आहे की रात्री तीनला नाडी १३० झाली तर वॉर्डात बघणारं कोण, सीटी स्कॅन तेव्हा होतो का, अशी ऑपरेशनं इथे वर्षाला किती होतात. स्वादुपिंडाच्या ‘व्हिपल’ ऑपरेशनसाठी तर हे विचारल्याशिवाय सहीच करू नये.

राहता राहिला तो प्रश्न जो कुठल्याच गुणपद्धतीत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत, गंभीर आजार असलेल्या साठीपुढच्या २२६ जणांना विचारलं गेलं: उपचाराने जीव वाचेल पण तुम्ही कायमचे परावलंबी व्हाल, तर उपचार घ्याल का? चारांतल्या जवळपास तिघांनी नको म्हटलं. बुद्धी जाणार असेल तर दहांतल्या जवळपास नऊ जणांनी. आपल्याकडे हे विचारायची सोयच नसते, कारण ‘त्यांना सांगू नका, धसका घेतील’ म्हणून आजाराचं नावच दाराबाहेर ठेवलेलं असतं. ज्याला अल्सर आहे असं सांगितलंय, त्याला अन्ननलिका काढण्याचा धोका कसा समजावणार? मग धोका मोजला जातो पेशंटचा, आणि पत्करतो मुलगा. सर्जनसोबतच्या एका बैठकीत तरी आजोबांना खुर्ची द्यावी, मृत्यूच्या टक्क्यांपेक्षा साध्या गोष्टी बोलाव्यात: किती दिवस रुग्णालयात, घरी चालत येणार की उचलून, तीन महिन्यांनी स्वतः संडासला जाता येईल का, आणि सगळं बिघडलंच तर व्हेंटिलेटरवर किती दिवस ठेवायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच तोंडून ऐकून कागदावर लिहून ठेवावं, ऑपरेशनच्या तारखेच्या आधी.